एल-बँड पॅच अँटेना संच : पैसा डोंगलवर नको, गच्चीवर घाला

विमान आणि जमीन यांच्यातला उपग्रहाचा दुवा (तो एल-बँडवर, म्हणजे दीड गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो) घरच्या गच्चीवरून तपासता येतो, असे सांगून विकले जाणारे संच आता सहज मागवता येतात. पेटीत तीन वस्तू असतात : यूएसबीचा रिसीव्हर डोंगल, तळहातापेक्षा थोडी मोठी चौकोनी पॅच अँटेना आणि दोन-तीन मीटर बारीक केबल. पॅचच्या पाठीवरच अ‍ॅम्प्लिफायर आणि फिल्टर बसवलेले असतात. वस्तू चांगली आहे. पण पेटीतून काढून तशीच खिडकीत ठेवली तर हाती फारसे काही लागत नाही. जाहिरातीतले ‘विमानांचे बोलणे ऐका’ हे वाक्य तर अर्धेच खरे आहे. हे परीक्षण बडोद्याच्या गच्चीचा हिशेब धरून लिहिले आहे. कोन आणि अंश इथले आहेत, बाकीचे कुठेही लागू पडेल.

आधी हा दुवा लागतो कशाला ते पाहू. व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत जातो. ३५,००० फुटांवरचे विमान जमिनीवरच्या अँटेनाला साधारण २३० सागरी मैलांपर्यंत दिसते, पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. अरबी समुद्रावर त्यापलीकडे गेलेल्या विमानाला जुना आधार एचएफचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या लघुलहरी रेडिओचा. त्यात खरखर फार, म्हणून वैमानिकाने सतत कान लावून बसू नये यासाठी सेलकॉलची, म्हणजे नेमक्या त्याच विमानाला हाक देणारी, घंटा. उपग्रह आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. नियंत्रक आणि वैमानिक लेखी मजकुरात बोलू लागले, ते सीपीडीएलसी. आणि विमान ठरलेल्या अंतराने आपली जागा आपणहून कळवू लागले, ते एडीएस-सी. मुंबईच्या हवाई क्षेत्रात शिरणारे विमान व्हीएबीएफ या चार अक्षरी पत्त्यावर लॉगऑन करते आणि मग हा व्यवहार सुरू होतो.

या व्यवहाराला वेळेची सक्त मोजपट्टी आहे. दोन विमानांमधले अंतर कमी करायचे असेल तर दुवा आरसीपी २४० आणि आरएसपी १८० या कसोट्यांना उतरावा लागतो. पहिलीत नियंत्रकाचा निरोप जाऊन वैमानिकाचे उत्तर परत येईपर्यंतचा वेळ मोजतात : ९५ टक्के व्यवहार २१० सेकंदांत आणि ९९.९ टक्के व्यवहार २४० सेकंदांत पुरे झाले पाहिजेत. दुसरीत विमानाची स्थिती कळण्याचा वेळ मोजतात : ९५ टक्के ९० सेकंदांत, ९९.९ टक्के १८० सेकंदांत. सिग्नलला जाऊन यायला प्रत्यक्षात लागतो जेमतेम अर्धा सेकंद. उरलेला वेळ रांगेत, पुन्हा पाठवण्यात आणि माणसाच्या बोटांत जातो. दुवा चाचणीत नापास होतो तो बहुधा या रांगेमुळे आणि पुन्हा पाठवण्यामुळे. पुन्हा पाठवावे लागते ते सिग्नल काठावर असल्यामुळे. गच्चीवरच्या संचाने मोजायचे ते हेच, काठापासून आपण किती आत आहोत ते.

आता ‘अर्धे खरे’ का, ते. उपग्रहाकडून विमानाकडे येणारा पट्टा १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झचा. विमानाकडून उपग्रहाकडे जाणारा १६२६.५ ते १६६०.५ चा. विमानाच्या अँटेनाचा रोख वर असतो, त्यामुळे त्याचे प्रक्षेपण गच्चीवर पोचत नाही. उपग्रह ते पकडतो आणि जमिनीवरच्या स्थानकाला सी-बँडमध्ये, ३.६ गिगाहर्ट्झच्या आसपास, पाठवतो. ते ऐकायचे तर दोनेक मीटर व्यासाची तबकडी हवी. त्यातही भारतात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ हा पट्टा २०२२ च्या लिलावात ५-जीला गेला आहे, त्यामुळे शहरात शेजारचा टॉवरच कानात ओरडतो. थोडक्यात, पॅचला ऐकू येते ते जमिनीचे बोलणे. विमानाचे ‘विल्को’ (करतो) किंवा ‘अनेबल’ (जमणार नाही) हे उत्तर येत नाही. दुकानदाराने हे सांगितले नसेल तर त्याला विचारून पाहा, उत्तरावरून दुकानाची पारख होईल.

एवढीशी पॅच ३६,५०० किलोमीटरवरून काही पकडते तरी कशी, हा प्रश्न रास्त आहे. १५४५ मेगाहर्ट्झवर या अंतरात सुमारे १८७ डेसिबल गळतात (दर दहा डेसिबल म्हणजे दहापट). पण इनमारसॅट या उपग्रह कंपनीची क्लासिक एरो ही जुनी सेवा मुळात छोट्या अँटेनाच्या विमानांसाठीही आखलेली आहे. लो-गेन अँटेनाची, म्हणजे लाभ जवळजवळ शून्य डेसिबलच्या अँटेनाची, ग्रहणक्षमता उणे २६ डेसिबल प्रति केल्विन धरली आहे, हाय-गेनची उणे १३. चांगल्या पॅचचा लाभ चार डेसिबल आणि सगळे मिळून गोंगाटाचे तापमान १५० केल्विन धरले तर हिशेब उणे १८ च्या जवळ येतो. म्हणजे आपली पॅच विमानावरच्या सर्वांत साध्या अँटेनापेक्षा आठ डेसिबलने सरस. ६०० बिट प्रतिसेकंदाची पी-वाहिनी (जमिनीकडून विमानांना सतत येणारी डेटा वाहिनी) त्या साध्या अँटेनासाठीच असते, म्हणून ती आपल्याला हसतखेळत मिळते. १०,५०० बिटांची वाहिनी मोठ्या अँटेनासाठी. वेग साडेसतरा पट म्हणजे तितक्याच शक्तीत जवळजवळ साडेबारा डेसिबलची अडचण. उपग्रह तिच्यावर जास्त शक्ती खर्च करतो खरा, पण पुरती भरपाई होत नाही. ६०० ची वाहिनी नीट आणि १०,५०० ची अडखळत, असे दिसले तर संच बिघडलेला नाही. तो त्याच्या कुवतीप्रमाणे चालतो आहे.

खरेदी करताना बहुतेक जण डोंगलच्या आवृत्तीवर घासाघीस करतात आणि केबल फुकट मिळाली म्हणून खूश होतात. हिशेब नेमका उलटा आहे. पेटीतली बारीक आरजी-१७४ केबल या फ्रीक्वेन्सीला मीटरमागे सव्वा डेसिबल तरी खाते. दोन मीटरला चालून जाते, कारण पॅचच्या पाठीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरने आधीच पंचवीस-तीस डेसिबल वाढवून ठेवलेले असतात. दहा मीटर घातली की तेरा-एक डेसिबल जातात. त्यात डोंगलचा स्वतःचा गोंगाट मिळवला की एकूण दर्जा दीड डेसिबलने उतरतो. वीस मीटर घातली तर काहीच उरत नाही.

यावर उपाय घरातच पडलेला असतो : डीटीएचची आरजी-६ केबल. ती ९५० ते २१५० मेगाहर्ट्झसाठीच केलेली असते आणि मीटरला पाव डेसिबलच्या आसपास खाते. पंधरा मीटरला चार डेसिबल, ते अ‍ॅम्प्लिफायर सहज पचवतो. ‘ती ७५ ओहमची, आपले यंत्र ५० ओहमचे’ ही हरकत नेहमी येते. या विजोडपणाने जाणारा सिग्नल ०.२ डेसिबलहूनही कमी, सोडून द्या. खरी अडचण जोडणीची आहे. एका टोकाला एफ आणि दुसऱ्याला एसएमए असे अ‍ॅडॅप्टर लागतात, आणि ते दोनच असावेत, एकात एक अडकवलेली चार-पाचांची आगगाडी नको. शिवाय काही अँटेनांवर उलट लिंगाचे आरपी-एसएमए येतात. वरून आटे बरोबर बसतात, आत पिन आणि भोक जुळतच नाहीत आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअर दुरुस्त करत बसतो. जोडण्याआधी आत डोकावून पाहावे : एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला भोक, असेच असले पाहिजे.

अ‍ॅम्प्लिफायरला वीज याच केबलमधून जाते, साधारण साडेचार व्होल्ट. ती सोडणारी डोंगलमधली सोय, म्हणजे बायस-टी, सॉफ्टवेअरमधून सुरू करावी लागते. अर्ध्याअधिक ‘संच मेलेला आला’ तक्रारींचे मूळ इथे असते. तपासणी एका मिनिटाची : बायस-टी बंद असताना पडद्यावरची गोंगाटाची रेषा पाहा, मग चालू करा. रेषा ठळकपणे, आठ-दहा डेसिबलने वर उडाली पाहिजे. नाही उडाली तर केबल तुटली आहे, पिन लागलेली नाही किंवा अ‍ॅम्प्लिफायर गेला आहे. आणि बायस-टी चालू असताना दुसरी कोणतीही अँटेना लावू नका. अनेक साध्या अँटेनांत मधली तार जमिनीला जोडलेली असते, तिथे सरळ शॉर्ट होतो.

डोंगलमध्ये पाहण्याजोग्या गोष्टी दोनच. एक, आत टीसीएक्सओ म्हणजे तापमान सांभाळणारे स्फटिक असावे. त्याची चूक दशलक्षात एक, म्हणजे इथे दीड किलोहर्ट्झ. साध्या स्फटिकाची दशलक्षात पन्नास असू शकते, म्हणजे ७७ किलोहर्ट्झ, आणि ती गरम होताना सरकतही राहते. ६०० बिटांची अरुंद वाहिनी अशा सरकत्या घसरगुंडीवर सापडत नाही. दुसरे, धातूचे कवच आणि त्याला आतून चिकटवलेला उष्णता वाहणारा पॅड. या स्वस्त डोंगलमधल्या ट्यूनर चिपची कसोटी १.५ गिगाहर्ट्झच्या वरच लागते, आणि चिप तापली की तिचा फेज-लॉक सुटतो, म्हणजे ती फ्रीक्वेन्सी धरून ठेवू शकत नाही. लक्षण ओळखायला सोपे : एफएम रेडिओ झकास ऐकू येतो, पण १५४५ वर सगळ्या रेषा एकदम नाहीशा होऊन सपाट गोंगाट उरतो. बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४२-४३ पर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या शेडखालच्या बंद डब्यात त्याहून कितीतरी वर. तेव्हा डोंगल गच्चीवर ठेवू नका. पॅच वर, डोंगल खालच्या खोलीत पंख्याखाली, मध्ये आरजी-६.

आता बसवणे. बडोद्याचे रेखावृत्त ७३.२ अंश पूर्व. इनमारसॅटची हिंद महासागरावरची जुनी जागा ६४ अंश, आणि इनमारसॅट-६ एफ१ ८३.५ अंशांवर. म्हणजे गाव जवळजवळ दोघांच्या मधोमध. इथून ६४ चा उपग्रह दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) २०३ वर, क्षितिजापासून ६२ अंश वर दिसतो. ८३.५ चा दिगंश १५४ वर, ६१ अंश वर. पॅचचा झोत सत्तर-ऐंशी अंश रुंद असतो. म्हणून ती कोणा एकावर न रोखता सरळ दक्षिणेकडे ६२ अंशांवर ठेवली तर दोघेही झोतात येतात, आणि अकरा अंशांच्या तिरकेपणाने अर्धा डेसिबलसुद्धा जात नाही. सेवा एका उपग्रहावरून दुसऱ्यावर हलवल्या जातात तेव्हा गच्चीवर चढायचे काम वाचते. ही सोय मुंबई-पुण्यालाही आहे, पुणे तर बरोबर मधल्या रेषेच्या बडोद्याहूनही जवळ आहे.

पश्चिमेला २५ अंशांवरचा अल्फासॅट दिगंश २५१ वर, साडेतीस अंश उंचीवर आहे. त्यासाठी पॅच मुद्दाम वळवावी लागते. पूर्वेचा १४३.५ अंशांचा इथून दहा अंशांहून खाली, त्याचा नाद सोडावा.

अँटेनाचे तोंड ६२ अंशांवर म्हणजे पाटी आडव्या पातळीशी २८ अंश कललेली. कोनमापक नसेल तर ३० सेंटिमीटरची फळी घ्या आणि तिची उत्तरेकडची कड १४ सेंटिमीटर उचला. इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे, त्यामुळे फोनचा कंपास चालतो, मात्र फोन लोखंडी जिना आणि पाण्याच्या मोटारीपासून दूर धरा. घरावर सोलर पॅनेल असतील तर काम आणखी सोपे. त्यांचे तोंड दक्षिणेलाच केलेले असते. पॅच त्या सांगाड्याच्या वरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या, कडेला लावा. पॅनेलच्या मागे खाली लावली तर काच आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट थेट आड येते. पोळातल्या किंवा दांडिया बाजाराकडच्या जुन्या वाड्यांना दक्षिणेला उंच भिंत असते, पण उपग्रह ६२ अंश वर असल्याने भिंतीपासून तिच्या उंचीच्या निम्म्याहून थोडे अधिक मागे सरकले की आभाळ मोकळे होते.

सॉफ्टवेअर फुकट आहे. एक रिसीव्हर चालवणारे, एक जेएरो, जे एरो वाहिन्या उलगडते, आणि दोन्हींमध्ये आवाज नेणारी आभासी ऑडिओ केबल. पण लगेच विमानांच्या वाहिनीवर उडी मारू नका. आधी १५३७.१० मेगाहर्ट्झवर जा. हिंद महासागर विभागासाठीची जहाजांची स्टँडर्ड-सी ही वाहिनी अखंड चालू असते, थांबत नाही, त्यामुळे डोंगलची फ्रीक्वेन्सी किती सरकली आहे ते तिच्यावर जुळवून घेता येते. पॅच बरोबर लागली आहे का, याचा निवाडाही तिथेच होतो. रेषा दिसली की तळहात पॅचवर धरा. रेषा बुडाली आणि हात काढताच वर आली, तर ती उपग्रहाची. हात धरूनही ढिम्म राहिली तर ती डोंगलची स्वतःची आहे. २८.८ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाचे पटीतले भूत १५२६.४ आणि १५५५.२ वर हमखास उभे असते, आणि नवखे लोक त्यालाच उपग्रह समजून तासन्‌तास जुळवत बसतात.

या वाहिनीचा आणखी एक उपयोग संचाबरोबरच्या माहितीपत्रकात नसतो, पण सगळ्या परीक्षणाचा कणा तोच आहे. स्टँडर्ड-सीची एक फ्रेम, म्हणजे डेटाचा एक ठरीव तुकडा, ८.६४ सेकंदांची. दिवसाच्या बरोबर १०,००० फ्रेम होतात आणि प्रत्येकीवर क्रमांक असतो. स्टँडर्ड-सी उलगडणारे सॉफ्टवेअर चोवीस तास चालू ठेवा आणि शाबूत आलेल्या फ्रेम मोजा. ९,९५० आल्या तर ९९.५ टक्के. दुसरे कुठलेही यंत्र न लागता दुव्याची उपलब्धता दोन अंकी अचूकतेने मिळाली. केबल बदला, कोन पाच अंश हलवा, पुन्हा मोजा. ‘आधीपेक्षा बरे वाटते’ या भाषेतून बाहेर पडायचा याहून स्वस्त मार्ग नाही. या वाहिनीवरून सर्व जहाजांसाठी उघडपणे प्रसारित होणाऱ्या सुरक्षा सूचनाही येतात. नेव्हएरिया ८ (जहाजांच्या सूचनांसाठी आखलेला हिंद महासागरातला विभाग) च्या सूचनांचे समन्वयन भारताकडेच आहे, त्यामुळे मजकूर शुद्ध येतो की अक्षरे फाटतात हेही तपासून होते.

हे जमले की १५४५ ते १५४७ मेगाहर्ट्झमध्ये या. मोड अप्पर साइडबँड, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ. ट्यूनरचा गेन सगळा वर ढकलू नका, मधल्या पायरीवर ठेवून हळूहळू वाढवा आणि गोंगाटाची रेषा सिग्नलपेक्षा वेगाने वाढू लागली की एक पायरी मागे या. एजीसी, स्क्वेल्च आणि आवाज ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद. विंडोजमधली ध्वनिसुधारणाही बंद, नाहीतर ती डेटालाच खरखर समजून पुसून टाकते. जेएरोवर बिटमागची शक्ती आणि गोंगाट यांचे गुणोत्तर डेसिबलमध्ये दिसते. पाच-सहाच्या खाली मजकूर फाटू लागतो. नोंदवून ठेवायचा आकडा तोच, दर तासाला एकदा.

बडोद्यात या नोंदींत एक गोष्ट दिसते, ती कळली नाही तर माणूस विनाकारण अँटेना बदलत बसेल. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यावर डाग जास्त असलेल्या वर्षांत, संध्याकाळी साधारण आठपासून मध्यरात्रीपर्यंत सिग्नल थरथरू लागतो. काही सेकंदांत अनेक डेसिबल खाली आणि लगेच वर. रेषा पडद्यावर लचकते, फ्रेम गळतात. दोष संचाचा नाही. विषुववृत्तापासून उचलला जाऊन दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या आयनांबराची (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची) उत्तरेकडची लाट गुजरातच्याच डोक्यावर उतरते, आणि सूर्यास्तानंतर तिच्यात बुडबुडे होतात. १.५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यांतून येताना विखुरतो. जीपीएसलाही हाच त्रास, म्हणून जीपीएसची चूक सुधारणारी ‘गगन’ प्रणाली बसवताना भारतात आयनांबराचा वेगळा नमुना करावा लागला. कलाभवनातल्या (सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतल्या) इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला प्रकल्प हवा असेल तर हा आयता आहे : एका विषुवाच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन आठवडे, रोज १०,००० फ्रेम, तासवार गळती.

पावसाची मात्र धास्ती नको. डीटीएच पावसात जाते कारण ते बारा गिगाहर्ट्झवर चालते. दीड गिगाहर्ट्झला पाऊस जवळजवळ पारदर्शक असतो. त्रास होतो तो पॅचच्या तोंडावर साचलेल्या पाण्याने, त्याने तिची फ्रीक्वेन्सी सरकते. प्लॅस्टिकचा साधा जेवणाचा डबा उलटा घाला, झाकण खाली, झाकणात निचऱ्याचे भोक. धातूची झाक असलेला रंग डब्याला देऊ नका. केबल डब्यातून निघाल्यावर आधी खाली लोंबून मग वर जावी, म्हणजे पाणी त्या वळणावर गळून पडते, जोडणीत शिरत नाही. वीज कडाडू लागली की केबल डोंगलपासून काढून ठेवावी. यात अज्ञान नव्हे, आळस आड येतो, म्हणून खालची जोडणी हाताशी येईल अशीच ठेवा.

टॉवर जवळ असेल तर वेगळी कटकट. १८०० च्या पट्ट्यातले मोबाइल प्रक्षेपण १८०५ मेगाहर्ट्झपासून सुरू होते, आपल्यापासून फार लांब नाही. फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढे असलेल्या पॅचला फारसे वाटत नाही. फिल्टर मागे असलेल्या स्वस्त पॅचमध्ये अ‍ॅम्प्लिफायरच भरून जातो, मग मागचा फिल्टर काय करणार? लक्षण असे : गोंगाटाची रेषा दिवसा आणि संध्याकाळी खालीवर होते, पहाटे तीनला शांत. विकत घेताना विचारायचा एकच तांत्रिक प्रश्न निवडायचा झाला तर ‘फिल्टर आधी की अ‍ॅम्प्लिफायर आधी’ हा निवडा.

संच काय करू शकत नाही, तेही मोकळेपणाने. नव्या चाचण्या ज्या तंत्रावर चालू आहेत ते याच्या आवाक्याबाहेर आहे. युरोपीय अवकाश संस्था आणि इनमारसॅट यांच्या ‘आयरिस’ प्रकल्पात विमान आपला पुढचा मार्ग १२८ बिंदूंपर्यंत, चौथी मिती म्हणून वेळेसकट, जमिनीला कळवते. इझीजेटच्या ए-३२० निओ विमानांवर ते प्रत्यक्ष उड्डाणांत वापरले गेले. हे सगळे स्विफ्टब्रॉडबँड या इनमारसॅटच्या नंतरच्या, वेगवान सेवेवर चालते : एका वाहिनीला ४३२ किलोबिटपर्यंत वेग, आणि सुमारे २०० अरुंद झोतांत वाटलेले. पॅचवर त्याचा रुंद उंचवटा फार तर दिसेल, आत काय आहे ते उलगडणार नाही. इरिडियमचा १६१६ ते १६२६.५ चा पट्टा पॅचमधून येतो, पण त्याचे उपग्रह ७८० किलोमीटरवरून धावत जातात. डोंगलची दोन-अडीच मेगाहर्ट्झची खिडकी त्याला अपुरी पडते.

कायद्याचे दोन शब्द. संच फक्त ऐकतो, प्रक्षेपण करत नाही, त्यामुळे सॅटेलाइट फोनशी त्याची गल्लत करू नये. पण दुसऱ्यांचे संदेश अधिकाराविना अडवणे हा दूरसंचार कायदा, २०२३ नुसार गुन्हा आहे. विमानाच्या वाहिनीवर लॉक, फ्रीक्वेन्सी आणि डेसिबल मोजा. मजकूर साठवू नका आणि कुठे टाकू तर मुळीच नका. मजकुराची शुद्धता तपासायला जहाजांचे उघडे प्रसारण आहेच. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे बसवायचे असेल तर विभागाने आधी लेखी परवानगीचे पाहावे.

पैशांचा हिशेब साधारण असा : टीसीएक्सओवाला डोंगल आणि फिल्टर पुढे असलेली पॅच मिळून दहा-बारा हजारांच्या घरात जातात, आयातीच्या शुल्काप्रमाणे कमीजास्त. आरजी-६, दोन अ‍ॅडॅप्टर, फळी, डबा आणि स्वतःला चिकटणारी रबरी टेप यांत हजाराच्या आत भागते. या हजारातला रुपया वाचवू नका. डोंगलची नवी आवृत्ती आली म्हणून जुना टाकायची गरज नाही, या कामात दोघांत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. आमच्याकडून पॅचला पाचपैकी चार, डोंगलला साडेतीन, पेटीतल्या केबलला एक.

केबल ओढताना मात्र १४ जानेवारी डोळ्यांसमोर ठेवा. उत्तरायणाच्या दोन दिवसांत बडोद्याच्या गच्चीवर आडव्या ताणलेल्या प्रत्येक तारेवर मांजा अडकतो, आणि तो सोडवणारा खालून झटका देतो. पॅच हलली तर कोन जातो, एसएमएची पिन वाकली तर सगळेच जाते. केबल भिंतीलगत क्लिपा मारून उतरवा, हवेत लोंबती ठेवू नका. आणि त्या दोन दिवसांपुरती अँटेना उतरवून आत ठेवली तर उत्तम, कारण तेव्हा गच्चीवर तिच्यासाठी जागाही नसते.